मधात आमी राहतो

“काल कोन गेलं या वाटेनं?”

अनोळखी शिवारात वाट फुटली की सिस्टर सायकलवरूनच एक पाय खाली टेकवीत आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला एवढेच विचारीत. ‘हा रस्ता पुढे जातो का,’ असे विचारणे त्यांनी सोडून दिले होते. आपण वऱ्हाडातली माणसे कशी आहोत, हे वाचकांना ठाऊकच आहे. रस्ता जातो का, असे कोणी विचारले तर आपण ‘जाते ना’ म्हणतो. त्यात लबाडी नसते. तो रस्ता कधीतरी उन्हाळ्यात बैलगाडीने गेलेला असतो. शिवाय परक्याला नाही म्हणणे आपल्याला जड जाते. या ‘जाते ना’वर विसंबून सिस्टरांना नाल्यातून सायकल खांद्यावर वाहावी लागली होती. तेव्हापासून प्रश्न बदलला. “बकऱ्या गेल्या,” असे उत्तर आले तर त्या निघत. “ट्रॅक्टर गेला,” असे आले तर चाकोऱ्या किती खोल ते विचारीत. “कोनीच नाही,” असे आले तर मुकाट्याने मागे वळत.

त्या अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या आणि आमच्या कॉलनीत माझ्या समोरच राहत. वय पन्नाशीचे. सारी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणे. मीही तेच म्हणत असे. सुटीच्या दिवशी उजाडताच त्यांच्या फाटकाची कडी वाजे, “जयभीम, काका” असा आवाज येई, आणि तोंडाला दुपट्टा बांधलेली ती ठेंगणी मूर्ती वळणाआड जाई. सायकल पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटे. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले, टायर मात्र जाड. खडी, मुरूम आणि ढेकळे यांवरून जावी म्हणूनच ती तशी घडवलेली होती.

शेजारच्या देशमुखांनी एकदा छेडले, “सिस्टर, सरकारनं मंग डांबर कावून टाकलं?”

“ट्रकसाठी,” त्या म्हणाल्या.

शहरातील सायकलस्वारांच्या मंडळात त्या नवख्यांना शिकवीत. खडीवर घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो आणि तिथेच पडतो. सिस्टर त्याच्या मागून येत आणि वॉर्डातल्याच आवाजात सांगत, “हात सैल सोडा. आवळला की दुखते.” एक बँक व्यवस्थापक वैतागून म्हणाले, “तुम्ही सुई देऊन राहिल्या का, सिस्टर?” उत्तर आले, “पडले तं तीही देईन.” ते पडले नाहीत.

बाहेरगावच्या सायकलस्वारांना हिवाळ्यात बोलवायचे, असे मंडळाने ठरवले तेव्हा बहुतेकांचे मत चिखलदऱ्याच्या घाटाचे होते. घाट प्रसिद्ध आहे आणि तिथवर डांबर आहे. सिस्टरांनी दुसरा मार्ग मांडला. पेढी नदी जिथे पूर्णेला मिळते तिथून निघायचे, पूर्णेच्या काठाकाठाने जायचे, मग खाऱ्या पाण्याचा मुलूख, म्हणजे खारपाण पट्टा, उभा कापून सातपुड्याच्या पायथ्याला पोचायचे. सगळे पांदणींनी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटांनी. डांबर ओलांडायचे, त्यावरून चालायचे नाही.

“सिस्टर, त्या मधल्या भागात पाहण्यासारखं काय आहे?” मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले.

“पाहुणे येतात, चिखलदऱ्याले जातात, अन् मधलं कोनी पाहतच नाही,” त्या म्हणाल्या. “मधात आमी राहतो.”

मार्ग अखंड निघाला तरच तो घ्यायचा, एक जरी तुकडा डांबराचा आला तरी घाटच ठरेल, असा निर्णय झाला.

मार्ग निघाला. एकाच ठिकाणी अडला. पूर्णेच्या उत्तरेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या शेतालगतची पांदण बाभळीच्या काट्यांनी बंद केली होती. मोटरसायकलवाले त्याच्या हरभऱ्यातून आडवे जात, म्हणून. शेजारी ‘रस्ता बंद’ अशी पाटीही रोवली होती. त्याला वळसा घालायचा तर ट्रकांनी भरलेल्या डांबरी रस्त्याखेरीज वाट नव्हती.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. पांदण नकाशावर आहे, तहसीलदारांकडे अर्ज करा, असे मी त्यांना सुचवले.

“कागद काढला तं तो काटे काढन, काका,” त्या म्हणाल्या. “अन् दुसऱ्या दिवशी खिळे टाकन.”

त्यानंतर प्रत्येक सुटीला त्या तिथे जात. काट्यांपाशी उतरत, हरभरा निंदणाऱ्या त्या म्हाताऱ्याला हाक मारत आणि विचारीत, “बाबाजी, काल कोन गेलं?” तो म्हणे, “कोनीच नाही. बंद आहे.” त्या मान हलवून परत फिरत. वाद घालत नसत. हे महिनाभर चालले. पाहुण्यांचा दिवस जवळ येत होता आणि अध्यक्ष घाटाच्या तयारीला लागले होते. एका रविवारी मीही स्कूटर घेऊन मागोमाग गेलो.

“बाई, तुमाले पाटी वाचता येत नाही का?” म्हाताऱ्याने त्या दिवशी विचारले.

“येते ना. पन पाटीले काय विचारू? तुमाले विचारून राहिले.”

म्हातारा काठीने एका बाजूचे काटे सारून म्हणाला, “चला. मी मांगं येतो. एक झाड मोडलं तं वापस.”

सिस्टर धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून सायकल चालवू लागल्या. मागे तो काठी टेकीत, त्याच्या मागे मी. त्याचे डोळे चाकाच्या खुणेवर होते. हिवाळ्यात ती काळी जमीन दगडासारखी कठीण होते. जाड टायरची रेघ वरच्या धुळीतच उमटत होती, खाली रुतत नव्हती. पांदणीच्या टोकाला पोचल्यावर तो खाली वाकला, रेघ बोटाने पुसली आणि म्हणाला, “बकरी यापेक्षा जास्त नासाडी करते.”

सिस्टरांनी तेव्हा पाहुण्यांचे सांगितले. मग त्याने अपेक्षित प्रश्न विचारला. “किती जन येतीन?”

पाचसहा, असे सांगता आले असते. मी असतो तर तेच सांगितले असते.

“पन्नासेक,” सिस्टर म्हणाल्या.

म्हाताऱ्याने दूरवरच्या काट्यांकडे एकदा पाहिले, एकदा हरभऱ्याकडे. आता मार्ग गेला, असे मी मनाशी धरले. तो सावकाश म्हणाला, “पन्नास? मंग पानी लागन. माह्या विहिरीचं खारं आहे.”

परतताना मी म्हणालो, “आकडा कमी सांगितला असता तर धोका नव्हता.”

“मंग बाकीचे चोरून गेले असते, काका,” त्या म्हणाल्या. “रस्ता दिला त्यानं. चोरून कावून जायचं?”

पाहुणे येण्याच्या आधी सिस्टरांच्या बदलीचा आदेश आला. चंद्रपूरच्याही पलीकडचे ठिकाण. ताबडतोब रुजू व्हायचे होते आणि रुजू होताच रजा मागणे त्यांना मंजूर नव्हते. मार्गाची प्रत्येक वळणखूण त्यांनी मंडळातल्या दोघांना सोबत नेऊन दाखवली, घराला कुलूप लावले आणि सायकल बसच्या टपावर बांधून गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही.

पाहुणे निघाले त्या सकाळी मी मंडळाच्या जीपमधून काट्यांच्या जागी पोचलो. काटे नव्हते. पाण्याचे ड्रम लादलेली बैलगाडी पांदणीच्या मधोमध उभी होती. गावच्या नळाचे गोडे पाणी म्हाताऱ्याने आणले होते, आणि गाडी आणायची म्हणून सगळे काटे त्यानेच उचलून धुऱ्यापलीकडे टाकले होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तो पेला देई आणि दुपट्ट्याखालचा चेहरा निरखी. शेवटचा सायकलस्वार गेल्यावर तो माझ्याकडे आला.

“बाई नाही दिसल्या?”

“बदली झाली.”

“असं,” तो म्हणाला, आणि उरलेले पाणी त्याने बैलांना पाजले.

दुपारी सातपुड्याच्या पायथ्याला सगळे पोचले. गुडघ्यापर्यंत धूळ, आणि चेहऱ्यांवर काहीतरी नवीन पाहिल्याचा भाव. मी सिस्टरांना फोन लावला.

“कोनी पडलं, काका?”

“एक जण. पूर्णेच्या उतारावर. खरचटले.”

“सांगतलं होतं ना, तिथं उतरून चाला म्हनून. अन् डांबर?”

“ओलांडले. त्यावरून कोणी गेले नाही.”

पलीकडे वॉर्डातून कोणीतरी हाक मारली. “ठेवते, काका. सलाईन संपून राहिली,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुण्याहून आलेले एक गृहस्थ दगडावर बसून बुटातले खडे झाडत होते. त्यांनी मला विचारले, “हा मार्ग शोधला कोणी?”

मी सिस्टरांचे नाव सांगितले. वडिलांचे नाव आणि गावाचे नाव जोडून, पूर्ण. मागच्या काहींना ते ऐकू गेले नाही. मी उभा राहिलो आणि पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितले.