मुकादमाला बांधलं त्या दिवशी

आठवी सोडली आणि नांदेडकडून थेट वसईत आलो. काम गिरीज गावच्या वाड्यांतले नारळ उतरवायचं. त्या सकाळी खोड ओलं होतं. मी म्हणालो, थोडं सुकू द्या. मुकादम म्हणाला, "सासरी आलायस का, बसून राहायला?" चढलो. वर वाळकी झावळी हातात आली आणि मी खाली.

उजवी मांडी मधेच वाकली होती, जिथं कुणाची वाकत नाही. मुकादमानं बगलेत हात घालून मला उभं केलं. "ऊठ. नाटकं नको करू." आत हाडावर हाड घासलं. स्कूटरवर मधे बसवून तो मला मालिशवाल्याकडं नेणार होता.

वाडीची मालकीण, आम्ही तिला काकी म्हणायचो, केळींना पाणी सोडत होती. चिखलाच्या पायांनीच धावत आली. "निजवा त्याला. आणि हात काढा." तिच्या दिराला असंच पडल्यावर सायकलवर बसवून नेलं होतं, तो दवाखान्यात पोचलाच नाही. तिनं काखेपासून टाचेपर्यंत बांबू लावला, मधे केळीच्या खोडाचे मऊ सोप घातले आणि जुनी साडी फाडून मोडका पाय चांगल्या पायाशी बांधला. ना ओढला, ना चोळला. अँब्युलन्स येईपर्यंत माझ्याशी बोलत राहिली.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "हे शरीरातलं सगळ्यात मोठं हाड. मोडलं की मांडीतच रक्त साचतं, बाहेर थेंब दिसत नाही. तुला उभं केलं तेव्हा हे टोक रक्तवाहिनीत घुसलं असतं तर..." हाडाच्या पोकळीत रॉड घातला, वरखाली स्क्रू.

पाय आखूड पडेल का, या धास्तीनं मी रोज दोन्ही टाचा जुळवून बघायचो. तेवढ्यात गावाकडून कळलं, मुकादमानं फोन करून सांगितलंय, पोरगं पिऊन चढलं होतं. आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही. बानं माझा फोन घेणं बंद केलं.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, "गुडघा ताठ, पाय वर. मनात काहीतरी चांगलं आण." मी मुकादमाचं ढुंगण आणायचो. पाय भराभर वर जायचा.

काकीनं मला पंपाच्या खोलीत ठेवलं, दोन वेळचं जेवण दिलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. मुकादमाचे मात्र फेडायचे होते.

काठी सुटल्यावर ते मी काकीला बोलून दाखवलं. नारळांच्या पुढच्या उतरणीला तिनं सगळ्या गड्यांना झाडाखाली बसवलं. "कुणी पडला तर काय करायचं ते हा शिकवील. मग झाडाला हात लावा."

"दाखवू कुणावर, काकी?"

"मुकादमांवर. सगळ्यांत मोकळे तेच."

गडी हसले. मुकादमाला काकीच्या झाडांचं काम हवं होतं, म्हणून तो आडवा झाला. बांबू, सोप, पट्ट्या. एकेक गाठ मी सांगत, दाखवत मारली, जरा जास्तच करकचून.

"झालं ना? सोड आता."

"उठा की, मुकादम. नाटकं कशाला करता?"

बा माझा फोन घेत नव्हता, मुकादमाचा घेतला असता. त्याच्या खिशातला फोन काढून त्याच्याच हातात दिला. "स्पीकरवर लावा. आणि खरं सांगा. मग सोडतो."

त्यानं काकीकडं बघितलं. काकी केळीच्या पानाची शीर सोलत होती.

"पोरगं प्यालेलं नव्हतं," तो फोनवर म्हणाला. "खोड ओलं होतं. मीच चढवलं."

पलीकडून बाचा आवाज. "तवा का न्हाई सांगितलंस? दे त्याला."

मी फोन घेतला.

"पाय कसाय?"

"चालतोय, बा."

"जेवतोस का नीट?"

हो म्हणालो. फोन ठेवला आणि खालच्या गाठीपासून सुरुवात केली, सावकाश. मुकादम म्हणाला, पायाला मुंग्या आल्यात. येतात. उठायला मी त्याला हात दिला नाही.