फातिमाच्या स्वयंपाकघरात लुझिया आंटी

नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर लुझिया रोशा राहतात. आम्ही सगळे त्यांना लुझिया आंटी म्हणतो. त्यांनी वर्षानुवर्षं घरातच पाळणाघर चालवलं. सकाळी बँकेत जाताना मी माझ्या इराला त्यांच्या दारात सोडायची. संध्याकाळी न्यायला गेले की इरा घरी यायला तयार नसायची, म्हणून मीही तिथंच बसून चहा प्यायची. आमची मैत्री त्या चहावरच झाली.

आंटी मूळच्या कोर्लईच्या. रेवदंड्याच्या खाडीपलीकडं जो किल्ला आहे, त्याच्या पायथ्याचं गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एक वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीज किल्ला सोडून गेले त्याला पावणेतीनशे वर्षं झाली, पण त्यांची भाषा गावात राहिली आणि मराठीच्या शेजारानं बदलत गेली. गावातले लोक तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. आंटी फोनवर बहिणीशी बोलायला लागल्या की मला वाटायचं, ही गोव्याची कोकणी असणार. तसं म्हटलं की त्या मान हलवायच्या. "कोकणी नाय ग. ही आमची." त्यापुढं त्यांनाही फारसं सांगता यायचं नाही.

घरात ही भाषा आंटींपाशीच थांबली होती. त्यांचे यजमान वसईचे, ते हयात असेपर्यंत घरात मराठीच चालली. मुलगा विन्सेंट उरणकडं बंदरात नोकरीला. त्याला आईचं बोलणं कळायचं, पण तो उत्तर मराठीत द्यायचा. सून शेरिल मंगळूरची. नातवंडं दोन, रिया आणि जोएल, दोघंही इंग्रजी शाळेत. जोएलला आजीची भाषा ऐकली की हसू यायचं आणि रियाला संकोच वाटायचा. "ग्रॅनी, माझ्या मैत्रिणी आल्या ना, की फोन आत जाऊन घे," असं ती स्पष्ट सांगायची. आंटी फोन घेऊन आत जायच्या. त्यांना राग यायचा नाही. पोरीचं सगळं त्यांना माफ होतं, आणि त्याला कारणही होतं.

रिया सातव्या महिन्यातच जन्मली होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली ती एवढीशी पोर बघून आंटींनी नवस बोलला होता: ही जगली, तर तिच्या उंचीची मेणबत्ती फातिमाच्या माउलीला लावीन. पोर्तुगालमधलं फातिमा म्हणजे तीन गुराखी मुलांना माउलीनं दर्शन दिलं ते ठिकाण. आंटींच्या माहेरी भिंतीवर त्या मुलांचं चित्र होतं. नवस बोलून झाला, पोर जगली, वाढली, पण पोर्तुगाल काही पनवेलच्या एसटी स्टँडवरून सुटणाऱ्या गाडीनं गाठता येत नाही. वर्षं गेली. २०१२ साली चर्चमधून फातिमा आणि फ्रान्समधलं लूर्द अशी सहल निघाली, तेव्हा विन्सेंट म्हणाला, "मम्मी, आता जाऊया. आपण सगळेच जाऊया."

तोवर रिया अकरा वर्षांची झाली होती आणि आजीच्या डोक्यावरून बघत होती. आंटी मला म्हणाल्या, "तेव्हाच गेलो असतो तर हातभर मेणबत्तीत काम झालं असतं."

निघायच्या आदल्या आठवड्यात आंटी बाजारात हौसाकडं गेल्या. हौसा करंजाची कोळीण, सुकी मासळी घेऊन पनवेलला यायची. तिच्याकडून आंटींनी निवडून निवडून सुके बोंबील घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी घालून बांधले आणि स्वतःच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये लपवले. विन्सेंटला कळलं असतं तर त्यानं ते विमानतळावर जाऊच दिले नसते. मला मात्र त्यांनी सांगितलं होतं. "परदेशात पोरं काय खातील, कोणाला माहीत?"

मे महिन्यात ते सगळे फातिमाला पोचले. फातिमाला भलंमोठं मोकळं पटांगण आहे, आणि त्यातून छोट्या चॅपेलपर्यंत गुळगुळीत संगमरवरी पट्टा जातो. नवस बोललेली माणसं त्यावरून गुडघ्यांवर चालत जातात. विन्सेंट तसा गंभीर माणूस. त्यानं बूट काढले आणि तो गुडघ्यांवर निघाला. आंटींना ठाऊकच नव्हतं की त्यानंही काही मागितलं होतं. पाच वर्षांच्या जोएलनं बापाला तसं जाताना पाहिलं आणि त्याला वाटलं, हा घोडाघोडाचा खेळ आहे. तोही हातापायांवर रांगत निघाला आणि बापाच्या पुढं गेला. शेरिल त्याला धरायला धावली. बाजूनं गुडघ्यांवर येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला हातानंच थांबवलं. राहू दे, असं. मग जोएल सगळ्या पट्ट्यावरून रांगत गेला आणि चॅपेलपाशी बसून वडिलांची वाट बघत राहिला.

मेणबत्ती घ्यायला रियाला सोबत न्यावं लागलं. दुकानाबाहेर लांबलचक मेणबत्त्या उभ्या करून ठेवल्या होत्या. आंटी एकेक उचलून नातीच्या पाठीशी लावून बघत होत्या आणि रिया लाजून डोळे मिटून उभी होती. शेवटी एक मिळाली, रियाहून बोटभर उंच. "राहू दे. पुढच्या वर्षी तेवढी होशीलच," आंटी म्हणाल्या.

चॅपेलच्या बाजूला मेणबत्त्या लावायची जागा आहे. शेकडो मेणबत्त्या एकत्र जळत असतात आणि धग अशी की जवळ उभं राहवत नाही. दोघींनी मिळून आपली मेणबत्ती पेटवून उभी केली, हात जोडले, आणि डोळे उघडतात तो ती उंच मेणबत्ती उष्णतेनं मऊ होऊन हळूहळू कमरेत वाकत होती. आंटींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रिया घाबरून म्हणाली, "ग्रॅनी, ती पडतेय." आंटी रडतारडताच हसायला लागल्या. "पडत नाय ग. नमस्कार करते ती." मग रियाही हसायला लागली आणि दोघी मागं सरकून एकमेकींना धरून बराच वेळ हसत राहिल्या. त्या काचेच्या पेटीची गोष्ट आंटींनी नातीला पहिल्यांदा सांगितली ती तिथं, धगीपासून थोडं दूर उभं राहून.

नवस फिटला, पण दुसरीच अडचण उभी राहिली. जोएल जेवेना. हॉटेलात सूप, पाव, उकडलेले बटाटे असं असायचं. त्याचं एकच चाललं होतं, "भात पाहिजे." शेरिलनं वाढणाऱ्या पोऱ्याला इंग्रजीत सांगून पाहिलं. त्यानं मोठ्या प्रेमानं तळलेल्या बटाट्यांची आणखी एक बशी आणून ठेवली. जोएलनं ती ढकलली आणि भोकाड पसरलं.

आंटी उठल्या. कोणी थांबवायच्या आत सरळ स्वयंपाकघराचं दार ढकलून आत गेल्या. आत एक जाडजूड बाई मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. तिचं नाव देओलिंदा, हे नंतर कळलं. आंटींना इंग्रजी जेमतेम, आणि घाईत मराठीही सुचेना. तोंडातून निघालं ते नोलिंग. पोराला भात पाहिजे, आरोझ, सोबत मासा असेल तर मासा, पेश. एवढंच त्या म्हणाल्या, जसं माहेरच्या चुलीपाशी म्हणाल्या असत्या तसं.

देओलिंदाची पळी थांबली. तिनं काहीतरी विचारलं, भरभर. आंटींना त्यातलं निम्मं कळलं. पण निम्मं कळलं, याचाच त्यांना धक्का बसला. "नीता, तिथल्या टीव्हीत बोलतात ते मला कधी कळलं नाय. पण ती बाय बोलली आणि मधले मधले शब्द ओळखीचे निघाले, जशी लग्नात एकदम माहेरची माणसं दिसावीत," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

देओलिंदानं रिसेप्शनवरच्या आपल्या मुलीला हाक मारली. मुलीला इंग्रजी येत होतं. आजीला शोधत रियाही आत आली. मग आंटी नोलिंगमध्ये बोलायच्या, अडलं की मराठीत रियाला सांगायच्या, रिया ते इंग्रजीत त्या मुलीला सांगायची आणि मुलगी आईला. देओलिंदा काय म्हणाली तेही याच रस्त्यानं परत आलं: शब्द सगळे आमचेच आहेत, पण बसलेत उलटसुलट. रियाला ते लगेच पटलं. शब्द त्यांचे, पण वाक्य आपल्या मराठीसारखं, क्रियापद शेवटी. आजीची भाषा अशी बनलेली आहे, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

भात शिजायला ठेवला. माशाचं नाव निघाल्यावर देओलिंदानं कोठीतून खारवलेल्या माशाची फळीसारखी कडक फाक आणून आंटींपुढं धरली. आंटींनी तिचा वास घेतला, बोटानं टोकरून बघितली आणि वरच्या मजल्यावर खोलीत गेल्या. परत आल्या त्या बोंबलांची पिशवी घेऊन. विन्सेंटनं दारातूनच ती पाहिली. "मम्मी, हे तू कुठून आणलंस?"

"करंजावरून," आंटी म्हणाल्या आणि गॅसच्या आचेवर बोंबील भाजायला घेतले.

वास स्वयंपाकघरातून जेवणाच्या हॉलमध्ये गेला. आपल्या बाजूच्या माणसाला तो वास कसा लागतो ते सांगायला नको. सहलीबरोबर आलेले फादर हातात रुमाल घेऊन वासाच्या मागानं आले, त्यांच्या मागून उरण-पनवेलची सगळी मंडळी. एका जर्मन जोडप्यानं खिडकी उघडून घेतली, एवढंच काय ते. देओलिंदानं भाजलेला बोंबील दातानं तोडला, चावला, डोळे बारीक केले आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. जोएल दोन वेळा भात घेऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपार खरेदीसाठी मोकळी होती आणि देओलिंदाची सुट्टी होती. ती आपली जुनी व्हॅन घेऊन हॉटेलच्या दारात आली. देओलिंदाची आई जवळच्या खेड्यात राहते, तिच्याशी तुमची भेट घालून द्यायचीय, असं मुलीनं सांगितलं. सगळे गेले. आई फार म्हातारी, अंगणात काळी शाल घेऊन बसलेली, तिला दिसायचं कमी. आंटी तिच्यापुढं खुर्ची ओढून बसल्या आणि नोलिंगमध्ये बोलू लागल्या. मुलं किती, नातवंडं किती, गुडघा दुखतो का. म्हातारी कान देऊन ऐकत होती. मग तिनं दोन्ही हातांनी आंटींचा चेहरा चाचपला आणि काहीतरी विचारलं.

देओलिंदाची मुलगी हसायला लागली. तिनं रियाला सांगितलं, माझ्या आजीला वाटतंय की तुझी आजी या गावातलीच कोणीतरी आहे. तरुणपणी बोटीनं दूर देशी गेलेली. परक्या मुलखात राहून तिची जीभ वळली. ती विचारतेय, इतके दिवस कुठं होतीस, यायला इतका उशीर का केलास.

रियानं ते मराठीत आजीला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, आंटी आता समजावून सांगतील की तसं नाही, आम्ही हिंदुस्थानातले, पनवेलचे. त्यांनी तसं काही केलं नाही. म्हातारीचे हात आपल्या हातांत घेतले आणि नोलिंगमध्ये म्हणाल्या, "उशीर झाला खरा. पोरं लहान होती."

म्हातारीनं मान डोलावली. हे कारण तिला पुरेसं वाटलं.

अंगणामागं चेरीची झाडं होती आणि फळं नुकतीच लाल व्हायला लागली होती. म्हातारीनं हात करून दाखवलं. रियानं बूट काढले आणि ती चढली. जोएलला विन्सेंटनं खांद्यावर घेतलं. शेरिलनं ओढणी पसरून धरली. थोड्या वेळानं आंटींनी साडीचा पदर खोचला आणि खालच्या फांदीवर एक पाय ठेवला. विन्सेंट ओरडला, "मम्मी, नको." आंटींनी ऐकलं नाही. त्या फार वर गेल्या नाहीत, दोन फांद्या असतील, पण वरून रिया हात देत होती आणि खालून देओलिंदा टेकू देत होती. आंटी फांदीवर बसल्या, चेरी खात, बिया खाली टाकत, आणि बसल्याबसल्या रियाला शब्द सांगत राहिल्या: झाड, पान, हात, तोंड. रिया ते देओलिंदाच्या मुलीकडून पोर्तुगीजमध्ये वदवून घ्यायची आणि दोन्ही शब्द एकसारखे निघाले की फांदी हलवायची.

परत यायला उशीर झाला. हॉटेलपुढं बस तयार होती. फादर बोलले, पण ओढणीतल्या चेरी बघून त्यांनीही मूठ भरून घेतली. जोएलच्या पांढऱ्या शर्टावर पुढून लाल डागच डाग पडले होते. बदलायचं म्हटलं तर तो काढू देईना. पुढं लूर्दला त्यांनी जेवढे फोटो काढले, त्या सगळ्यांत तो त्याच शर्टात, दात काढून उभा आहे.