गोणीचा पूल

परवा वेबकॅमवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आपला ब्रिज आहे ना अजून?" मी मान हलवली आणि विषय बदलला. तुम्ही पुण्याला गेल्यापासून तुम्हाला खोटं सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. म्हणून आता खरं काय ते क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की माझं मन ताळ्यावर राहतं, आणि सध्या त्याची फार गरज आहे.

पिस्कॅटवेच्या आपल्या घरामागच्या वाटेने ओढ्यापर्यंत गेलं की तो दगडी पूल होता. एकच कमान, आणि रुंदी इतकी बेताची, की तुम्ही दोघं हात धरून चाललात की तिसऱ्याला जागा उरायची नाही. कठडा तर तुमच्या गुडघ्याएवढाच. "हे अर्धवट का सोडलं?" असं तुम्ही आजोबांना विचारलं होतंत. ते हसले होते. म्हणाले होते, "अर्धवट नाही रे, पूर्ण विचार करून केलंय. या वाटेनं घोडे गिरणीत धान्य न्यायचे. पाठीवर दोन्ही बाजूंना फुगलेल्या गोण्या. कठडा उंच बांधला असता तर गोण्या घासल्या असत्या, घोडा अडकून बसला असता." आजोबांनी जन्मभर पूल बांधले, पण त्यांतल्या एकाबद्दलही मी त्यांना असं प्रेमाने बोलताना ऐकलं नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर आजोबा विसरायला लागले. आधी शब्द गेले, मग माणसांची नावं, मग जेवलो की नाही तेही. पण संध्याकाळ झाली की बूट घालायचे, न चुकता त्या पुलावर जायचे, कमानीच्या मधल्या, कळीच्या दगडावर हात ठेवून उभे राहायचे आणि परत यायचे. तेवढा वेळ ते अगदी पहिल्यासारखे असायचे. "अगं, हा एक दगड काढला ना, की बाकीचे सगळे खाली. सगळे याच्या भरवशावर," असं मला रोज नव्याने सांगायचे. मीही रोज नव्याने ऐकायची.

आपले डॉक्टरकाका म्हणाले होते, "वहिनी, औषधं मी लिहून देतो, पण खरं औषध तो रस्ता आहे. तो तेवढा बदलू देऊ नका."

आणि तोच बदलायची वेळ आली. एका सकाळी पुलाच्या दोन्ही टोकांना नारिंगी जाळी लागलेली दिसली. कठडा ठेंगणा, मूल पडेल, म्हणून टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, पूल पाडायचं ठरवलं होतं. संध्याकाळी आजोबा गेले ते जाळीत पाय अडकून पडले. कोपर सोलवटलं. मला म्हणाले, "गोणी अडकली बघ."

मी कधी कुणापुढे हात पसरले नव्हते. तेव्हा पसरले. शेजारपाजारी, देवळात, वाचनालयात, भेटेल त्याच्याकडे गेले. पूल पाडण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला टाउनशिपने सभा ठेवली होती, तिथे मी बोलायचं ठरवलं. डॉक्टरकाका सोबत आले. गाडीत माझी चेष्टा चालू होती. "वहिनी, तुमचं ते कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकलं ना, की पूलच काय, ओढाही तुमच्या नावावर करून देतील!"

"तुम्ही गाडी नीट चालवा," मी म्हटलं.

आजोबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनाही नेलं. मी मुद्देसूद बोलले. अध्यक्ष वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, सगळं मान्य. पण इतका ठेंगणा कठडा म्हणजे बांधकामातला दोषच की."

तेवढ्यात आजोबा उठले. दोन्ही हात कमरेपासून लांब धरले, जणू अंगावर ओझं लटकतंय, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने डुलत डुलत चालत गेले. "गोणी," ते म्हणाले. "गोणी जायला पाहिजे." कुणीतरी हसलं. मी घाईने गोणी, घोडे, गिरणी, सगळं इंग्रजीत सांगितलं. हसणारा गप्प झाला. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि थेट आजोबांनाच विचारलं, की सर, मग आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?

प्रश्न आजोबांना कळला. ते मराठीत म्हणाले, "राहू दे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, एवढ्या मोठ्या सभेत "राहू दे" फार किरकोळ वाटेल. म्हणून मी उभी राहिले आणि स्पष्ट उच्चारात सांगितलं, "ही सेज, प्रिझर्व्ह इट."

टाळ्या पडल्या. पूल वाचला असं सभेतच जाहीर झालं. परतताना डॉक्टरकाकांनी पेढे घेतले.

बर्फ वितळल्यावर टाउनशिपची माणसं आली. दगडादगडावर खडूने आकडे घातले, कमानीखाली लाकडी आधार दिला आणि एकेक दगड उतरवून ट्रकमध्ये गवतावर अलगद ठेवला. मी धावत गेले. "अहो, हे काय करताय? पूल वाचवायचं ठरलंय!"

"वाचवतोच आहोत, मॅडम," त्यांचा प्रमुख हसून म्हणाला. "पलीकडच्या मोठ्या पार्कात तसाच्या तसा उभा करणार. तुम्हीच प्रिझर्व्ह करायला सांगितलंत ना? सगळे तुमचं नाव घेतात."

मी फोन केले, कचेरीत जाऊन बसले. सगळे माझ्याशी फार आदराने वागले. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. राहू दे म्हणजे जिथे आहे तिथे, जसं आहे तसं, हात लावू नका. हे तीन अक्षरांत आजोबांनी सांगितलं होतं.

त्यानंतर संध्याकाळी आजोबा ओढ्याच्या काठाशी जाऊन थांबायचे आणि पुढे पाऊल टाकायचे. मी दोन्ही हातांनी त्यांचा कोट धरून ठेवायची. एकदा आम्ही दोघंही पाण्यात गेलो, मांडीपर्यंत. "अहो, मागे फिरा," मी ओरडत होते, आणि ते मला समजावत होते, "अगं, इथं पूल आहे."

शेवटी डॉक्टरकाकांनी आम्हाला गाडीतून त्या पार्कात नेलं. पूल सुरेख उभा केलाय, खरंच. दगड धुतलेले, भोवती कापलेली हिरवळ, शेजारी माहितीची पाटी. आजोबांचा चेहरा उजळला. भराभर वर गेले, कळीच्या दगडावर हात ठेवला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ते कठड्यावरून खाली वाकले. खाली गवत होतं.

"पाणी कुठं गेलं?"

मी पाटी वाचत असल्याचं दाखवलं.

"पाणी नाही, तर मग पूल कशाला?" त्यांनी दगडावरचा हात काढून घेतला.

"पुन्हा येऊ या का उद्या?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

तर मुलांनो, तुमचा पूल आहे. सुट्टीत आलात की दाखवीन, कागदी होड्या मात्र आणू नका. आजोबा त्यानंतर संध्याकाळचे बाहेर पडलेले नाहीत. कळीच्या दगडाबद्दलही बोलले नाहीत, मी दोनदा आठवण करून देऊन पाहिली. आज बऱ्याच दिवसांनी त्यांनी बूट चढवले, दारापर्यंत गेले आणि वळून मला विचारलं, "कुठं जायचं?"

ते दाराजवळच्या खुर्चीवर बूट घालून बसले आहेत, आणि त्यांच्याकडे बघायला नको म्हणून मी तुम्हाला हे लिहिते आहे.