बेगम बाजारातल्या काकांचा पहिला शब्द

स्पीच थेरपी शिकल्यावर मी पहिली दोन वर्षं बरकतपुऱ्यातल्या एका बाईंच्या हाताखाली काढली. हैदराबादेत हे काम सुरू करणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या लोकांपैकी त्या. सुरुवातीला शेजारी त्यांना विचारायचे, "म्हणजे भाषण करायला शिकवता का?" मराठी-तेलुगू पेशंटना दाखवायला चित्रं मिळायची नाहीत, म्हणून बाईंनी जुन्या कॅलेंडरांतून आणि काडेपेट्यांवरून ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. मीही तीच वापरायचे.

एकदा बेगम बाजारात मसाल्याचं दुकान असलेले काका काकूंबरोबर आले. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. समजत सगळं होतं, पण तोंडून शब्द निघत नव्हता. घरची भाषा मराठी, म्हणून मी तीन आठवडे मराठीतूनच पाणी, दूध, गाय दाखवत राहिले. त्यांचे डोळे नुसते भरून यायचे. शेवटी बाईंना सांगितलं, "मला नाही जमत."

बाई येऊन बसल्या. त्यांनी काकूंना विचारलं, "हे दिवसभर बोलायचे कुणाशी?"

"गिऱ्हाइकांशी. घरी फक्त जेवायला तोंड उघडायचे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितल्याप्रमाणे काकूंनी दुकानातल्या दगडफुलाची पुडी आणली. बाईंनी ती पुडी काकांच्या हातात दिली आणि स्वतः गिऱ्हाईक होऊन बाजारातल्या दखनी हिंदीत म्हणाल्या, "ये माल पुराना दिखरा, सेठ. फेक देऊं क्या?"

काकांनी पुडी छातीशी धरली. "नक्को," ते म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. बाई थांबल्या नाहीत. "तो ताजा है बोलते?"

"हौ."

मी खोलीबाहेर जाऊन डोळे पुसून आले. नंतर बाई मला म्हणाल्या, "मीही एका तेलुगू आजोबांना महिनाभर हिंदीत शिकवलं होतं. त्यांच्या मुलानं सांगितलं, मी ऐकलं. आजोबांना कोणी विचारलंच नाही."

काकांचं बोलणं पूर्ववत झालं नाही. माणसांची नावं अजून अडतात. पण सहा महिन्यांत ते सकाळी दोन तास दुकानात बसायला लागले. मराठी मागाहून आली, आणि तोवर घरीही ते दखनीतच बोलत होते. काकू लाजत म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते हो."