एका झाडाची गस्त

मुलांनो, परवा फोनवर मी सफरचंदाच्या झाडाला पाणी घालून आले म्हटलं, तर तुम्ही दोघं खदाखदा हसलात. "आजी, गडचिरोलीत सफरचंद?" तुमच्या आईलाही ते खरं वाटलं नाही. म्हणून आज टेबल आवरून, चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे. शेजारच्या भाऊंबद्दल तुम्हाला कळायलाच हवं.

भाऊ जंगलखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. रोज पहाटे खाकी शर्ट घालून, हातात काठी घेऊन ते घराबाहेर पडत आणि आपल्या अंगणातल्या एकुलत्या एका झाडाला फेरी मारत. खोडावर काठी टक् टक् वाजवत. मग कुंपणावरून मला मोठ्यानं सांगत, "बाई, जंगल ठीक हाय!"

ते जंगल तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं. भाऊंनी नागपूरच्या एका रोपवाटिकेतून आणलेलं, उष्ण हवेतही फळतं म्हणे असं सफरचंदाचं रोप. आणल्याबरोबर त्यांनी त्याच्या खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले, सरकारी झाडाला मारतात तसे. वर आकडाही घातला : एक.

"दोन नंबर कुठे आहे, भाऊ?" मी विचारलं.

"पयले हा तं मोठा होऊ द्या, बाई!"

गल्लीत सगळे टिंगल करत. इथल्या मे महिन्यात माणसाचा पापड होतो, तिथे सफरचंद काय तगणार? भाऊंचं उत्तर ठरलेलं. "काऊन नाई होत? होते न!"

दुसऱ्या वर्षी झाड डोक्याच्या वर गेलं, आणि थंडीत तर त्यांनी कहर केला. शिडी लावून झाडाची सगळी हिरवी पानं हातानं ओरबाडून काढली. मी धावत गेले. "अहो, काय करताय?"

"झोपवून राह्यलो त्याले. याले बरफात झोपाची सवय. आपल्या इथी झोपच लागत नाई बिचाऱ्याले."

आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यात झाडाला कूलर लागला. खराखुरा, वाळ्याच्या ताट्यांचा. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दारात उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा बाई, मले टेबलफॅन अन् झाडाले कूलर! पुढच्या जन्मी मी सफरचंदच होतो!"

"तू आताच लाल झाली हायेस," भाऊ म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं.

तिसऱ्या वर्षी झाड फुललं. पांढरी-गुलाबी फुलं, मग सुपारीएवढी फळं, मग लिंबाएवढी. आम्ही सगळे वेडे झालो. मी, निवृत्त मुख्याध्यापिका, वानरं हाकलायला स्टीलचं ताट आणि डाव घेऊन गच्चीवर उभी राहत असे. तरी वानरांनी बरीच नेली. मोजकी वाचली, त्यांना लाली चढली.

"आता खायची ना?" मी विचारलं.

भाऊंनी दोन्ही कान पकडले. त्यांच्या गोंड गावात नवं फळ आधी देवाला दाखवतात, मगच माणसं खातात. त्या पूजेला पंडुम म्हणतात. आपल्या झाडाचं फळ देवाच्या आधी तोंडात घालणं भाऊंना शक्यच नव्हतं.

मग काय, मी गाडी काढली. धानोऱ्याच्या वाटेवर पुढे आत त्यांचं गाव. भाऊ पुढे मांडीवर टोपली घेऊन, मागे वहिनी. प्रत्येक खड्ड्याला भाऊ ओरडत, "बाई, हळू! पोटुशी हाय टोपली!"

गावचे पुजारी, त्यांना पेरमा म्हणतात, मोहाच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी फळ उलटसुलट पाहिलं. "आंब्याचा पंडुम तं होऊन गेला. अन् हे फळ देवाच्या वळखीचं नाई. पुढच्या साली पाहू."

भाऊंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. "फळ सालभर थांबत नाई, दादा," ते हळूच म्हणाले.

माणसं जमली, वाद रंगला. तेवढ्यात बाजूला बसलेली एक म्हातारी कडाडली. "माती कोनाची?"

"आपली."

"पानी?"

"आपलंच."

"मंग देवाले वळख करून द्या न! पाव्हणा दारात उभा हाय, अन् तुम्ही पुढच्या साली या म्हणता?"

पेरमा आधी हसले, मग सगळं गाव हसलं. पळसाच्या पानावर फळ ठेवलं. त्यांनी गोंडीत देवाला बराच वेळ काही सांगितलं. मग नखाएवढ्या फोडी झाल्या, साऱ्या गावाला पुरतील अशा.

सफरचंद इतकं आंबट होतं की पेरमांचा एक डोळा मिटला तो उघडेचना. म्हातारीनं तोंड वाकडं करून विचारलं, "देवानं हे गिळलं?"

भाऊ मात्र फोड चघळत होते आणि डोळे पुसत होते. "गोड हाय," ते म्हणाले. वहिनीनं आपली फोडही त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या. तुमचंच लेकरू हाय."

भाऊंना जाऊन आता दोन हिवाळे झाले. झाड आहे. त्या गावात दर उन्हाळ्यात पळसाच्या पानावर एक सफरचंद ठेवलं जातं, आणि ते गावाला पोचेपर्यंत आमच्या गल्लीत त्या झाडाच्या दुसऱ्या फळाला कोणी हात लावत नाही.