मुन्शीजींची चुकलेली तारीख

कोर्टात मी शपथेवर खोटं लिहून दिलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ते खोटं मुन्शीजींच्या नावावर जमा आहे.

मुन्शीजी आमच्या तालुक्याच्या कोर्टातले सर्वांत जुने वकिली कारकून. डायरी काखेत असे, पण सगळ्या तारखा तोंडपाठ. माझी सनद नवी होती. भाडं, फारकत, बांधावरची मारामारी, येईल ते घ्यायचो आणि पुढं काय करायचं ते त्यांना विचारायचो. "उभं ऱ्हावा, वकीलसाब," ते म्हणत. "बोलायचं सुचंना तर तारीख मागा." माझी निम्मी वकिली या सल्ल्यावर चालली.

दुष्काळ होता आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. देवणीकडच्या एका विधवेला दिरानं सामाईक विहिरीचं पाणी बंद केलं होतं. आम्ही आणलेल्या मनाई हुकमावर तिची जनावरं तगून होती. त्या दिवशी मुन्शीजींनी सकाळीच बजावलं होतं, विहिरीची तारीख आज हाय. मी हो म्हणालो आणि लातूरची एसटी पकडली. तिथं नव्या कलेक्टर साहेबांचं स्वागत होतं. सरकारी वकिलांच्या यादीत नाव लागावं म्हणून मी हार घेऊन रांगेत उभा. साहेबांनी न बघताच तो शिपायाकडे दिला. इकडे तीनदा पुकारा झाला आणि वकील गैरहजर म्हणून दावा खारीज झाला. हुकूमही गेला. दिरानं संध्याकाळीच विहिरीवर कुलूप घातलं.

दावा पुन्हा उभा करायला कारण हवं होतं. मुन्शीजीच म्हणाले, "लिवा, कारकुनानं तारीख चुकीची टिपली."

मी नको म्हणालो, पण हळू आवाजात.

"तुमची सनद कोवळी हाय, माझे केस पिकले. तिकडं जनावरं हंबरून राहिली. लिवा."

मी लिहिलं. दोघांनीही शपथ घेतली. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं न्यायाधीश त्यांना भर कोर्टात म्हणाले. मी शेजारी उभा राहून गंभीरपणे मान हलवली.

विहीर उघडली. पण एकेका वकिलानं मुन्शीजींकडचं काम काढून घेतलं. दिवाळीआधी ते हदगावला लेकीकडे गेले, तिथंच वारले. भेटायला गेलो तेव्हा लेकीनं विचारलं, "अण्णांची तारीख चुकली म्हनून कोर्ट सुटलं म्हनतेत. खरं हाय का, वकीलसाहेब?"

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.

तारीख चुकली नव्हती. लेक अजून हदगावलाच राहते. तिला हे सांगायचं देणं मी अजून लागतो.