आवुडैयप्पन सारांचं शेवाळ

तिरुनेलवेलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आवुडैयप्पन, सगळ्यांचे ‘सार’ म्हणजे सर, एकाच साप्ताहिकात दोन सदरं लिहीत. आठव्या पानावर विज्ञानाची प्रश्नोत्तरं आणि बाविसाव्या पानावर क्रमशः कादंबरी. नाव दोन्हीकडे तेच. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एका रविवारी इडली खाऊन ते लिहायला बसतात न बसतात तोच दारात एक रापलेला माणूस येऊन उभा राहिला. समुद्रकाठच्या उवरीहून पहिल्या बसने आलेला कोळी, सूसै. त्याने खांद्यावरचं ओलं पोतं ओसरीवर रिकामं केलं. हिरवं, तांबडं, तपकिरी शेवाळ! आवुडैयप्पन यांच्या बायकोने, गोमतीने, पदर नाकाला लावला.

“सार, यातलं कुठलं?”

“कशातलं कुठलं?”

“डोळ्यांच्या औषधाचं. आमच्या किनाऱ्यावर मिळतं असं तुम्हीच लिहिलंत. माझ्या बायकोला, रोसम्माला, दोन वर्षं दिसत नाही.”

“अहो, ती कादंबरी आहे. मनानं रचलेली.”

सूसै हसला. “वीज का पडते ते लिहिलंत, ते खरं. मीठ कसं होतं, तेही खरं. मग एवढंच खोटं कसं, सार?”

वर्गात आवुडैयप्पन यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते रोसम्माला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मोतीबिंदू होता, ऑपरेशनने दिसणार होतं. पण सुरी म्हटल्यावर रोसम्माने खाटेची दांडी घट्ट धरली. सूसै सारांच्या कानाशी लागला, “ऑपरेशनआधी डोळ्यांत घालतात त्या थेंबांत शेवाळ आहे म्हणा. तुमचं ऐकेल ती.” मग तो मोठ्याने बायकोला म्हणाला, “थेंबांत तेच शेवाळ आहे, विचार सारांना.”

रोसम्माने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “खरं का, सार?”

त्यांनी मान डोलावली. मग तिला ती दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, “हो.”

पट्टी सुटली तेव्हा तिने सगळ्यात आधी नवऱ्याचे पिकलेले केस पाहिले आणि “हा म्हातारा कोण?” म्हणून सगळ्यांना हसवलं. आवुडैयप्पनही हसले, पण घरी येताना बसमध्ये ते खोटं ‘हो’ त्यांच्या मनातून जाईना. मोतीबिंदूवर त्यांनी आठव्या पानावर खुलासा लिहिला, शेवाळाने काही होत नाही हेही लिहिलं. आपलं ते ‘हो’ मात्र लिहायला हात धजेना.

खुलाशावर सत्तेचाळीस पत्रं आली. बहुतेकांनी दवाखान्याचा पत्ता विचारला होता. नऊ जणांना शेवाळच हवं होतं. सरकारच्या भीतीने सार खरं सांगत नाहीत, असं उवरीत बोललं जात होतं.

“कादंबरी बंद करू का गं?” त्यांनी विचारलं.

गोमती सूसैने पाठवलेलं सुकट निवडत होती. “कादंबरी नसती तर तो आला असता का?”

“म्हणजे करू की नको?”

“मला काय विचारता? लिहिणारे तुम्ही.”

मंगळवारी साप्ताहिकाचा माणूस मजकूर न्यायला आला. आवुडैयप्पन यांनी त्याला कॉफी दिली, आणि दोन्ही सदरांच्या वह्या पुढ्यात घेऊन त्यातली कादंबरीची द्यावी की नाही, हे ठरवत बसले.